उशिरा लागणारा ओबो

ओबो म्हणजे काय हे लोकांना समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. "क्लॅरिनेटसारखं का हो?" नाही हो, क्लॅरिनेटसारखं नाही! काळ्या लाकडाचं, हातभर लांब, आणि टोकाला वेताच्या दोन पातळ पत्त्या एकमेकींना बांधलेल्या. त्या ओठांत धरून फुंकायचं. या पत्त्या मी स्वतः तासते, रोज सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. माझ्या तासायच्या चाकूला हात लावायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. नवऱ्याने एकदा त्या चाकूने सफरचंद कापलं होतं. त्याला वीस वर्षं झाली, पण विषय अजून निघतो.

एक मात्र आहे. वाद्यवृंद वाजायला लागण्याआधी सगळेजण आपापली वाद्यं जुळवतात, ती कुणाच्या सुरावर? ओबोच्या. मी 'ए' लावून धरते आणि व्हायोलिनपासून हॉर्नपर्यंत सगळे त्यावर येतात. ही जगभरची रीत आहे, मी काढलेली नाही. पण एकोणतीस वर्षं पन्नास पन्नास माणसं आपल्या सुरावर लागत असली की मान जरा ताठ होते, हे कबूल. आमच्या हॉलमध्ये मला लवंगी म्हणतात. उंची पाच फूट आणि तोंड तिखट, म्हणून. म्हणेनात का, मला काही फरक पडत नाही.

पन्नास म्हणाले खरी, पण ती जुनी गोष्ट. आता बोलावणं आलं तर एकोणीस-वीस जणांना येतं, तेही दोन-तीन महिन्यांतून एकदा. बाकीचे संगीतकार घरी बसून कंप्युटरवर सगळं करतात. कुठल्यातरी वादकाकडून प्रत्येक सूर सुटा सुटा वाजवून घेतलेला असतो, हळू, जोरात, तोकडा, लांब. ते हजारो तुकडे कंप्युटरात भरून ठेवायचे. मग पियानोसारख्या पट्टीवर बोट ठेवलं की तो तुकडा वाजतो. बोट एक, वाद्यं पन्नास. ना कुणाला चहा पाजायला लागत, ना कुणाचं तोंड ऐकून घ्यायला लागत.

माझ्या भावाची मुलगी असंच संगीत करते. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ढबू. आता एकतिसाव्या वर्षी काडी झालीय, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिला पहिलाच मोठा चित्रपट मिळाला, तेव्हा एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि पायातले बूटही न काढता म्हणाली, "आत्या, मला हे खऱ्या वादकांकडून वाजवून घ्यायचंय. सगळ्या चित्रपटाचं."

"मग घे की."

"दिग्दर्शक नको म्हणतात. त्यांना माझा डेमो आवडलाय, कंप्युटरवरचा. रोज ऐकतात, गाडीत ऐकतात. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाले, एक सकाळ देतो. दहा ते एक. चित्रपटातला एकच तुकडा वाजवा. एक वाजेपर्यंत डेमोपेक्षा चांगला झाला, तर पुढच्या आठवड्यात तीन दिवस हॉल तुमचा. नाहीतर आहे तेच ठेवायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

तीन दिवस म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं, मला होतं. त्या हॉलच्या मालकाने आम्हाला सांगून ठेवलं होतं की या वर्षी बरं काम आलं नाही, तर तो मधे भिंती घालून खोल्या पाडणार. एकोणीस माणसांना एकत्र बसून वाजवता येईल अशी दुसरी जागा आता उरलेली नाही.

"दाखव बघू काय केलंयस," मी म्हणाले.

तिने कानाला हेडफोन लावून दिले. सुरुवातीला एकटा ओबो होता. चित्रपटात एक बाई वीस वर्षं राहिलेलं घर सोडते, रिकाम्या खोल्यांमधून एकदा फिरते, दाराला कुलूप लावते. मग हळूहळू बाकीची वाद्यं येतात. पोरीने छान बांधलं होतं. मला कौतुक वाटायला लागलं, आणि तेवढ्यात तिसऱ्या सुराआधी मला एक बारीक 'टिक्' ऐकू आलं.

ती टिक् मी ओळखली. माझ्या जुन्या ओबोची एक कळ सैल होती, तिच्याखालचं बूच झिजलं होतं. पुढे ते मी बदलून घेतलं. पण कंप्युटरात बसलेली ती कळ कोण बदलणार?

"ही टिक् किती गोड आहे ना?" ढबू म्हणाली. "काही जण ती काढून टाकतात. मी ठेवते. त्यामुळे कुणीतरी खरंच बसलंय असं वाटतं."

मी हेडफोन काढून तिच्या हातात दिले आणि चहा ठेवायला उठले.

आता सांगायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वी एका कंपनीने मला बोलावलं होतं. एक बारकीशी खोली, चारी भिंतींना जाड गाद्या, आणि समोर एक माइक. तीन दिवस मी एकेक सूर वाजवला. गाणं नाही, ओळ नाही, नुसता सूर. खोटं कशाला बोलू, पैसे चांगले होते. पण त्याहून जास्त म्हणजे, एवढ्या सगळ्यांमधून मला निवडलं याचा माज होता. पुढे या तुकड्यांचं काय होणार ते मला नीटसं कळलं नव्हतं. आणि जे कळलं होतं तिकडे मी बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी आमच्या वादकांची बैठक झाली. असल्या रेकॉर्डिंगला कुणी जायचं नाही असं ठरवायचं होतं. मी काय करावं? उठून भाषण ठोकलं! "आपलाच आवाज विकून आपल्याच ताटात माती कालवायची का?" असं म्हणाले मी. टाळ्या पडल्या. हॉर्नवाल्या भोंग्याने तर बाकावर हात आपटून वाहवा केली. त्या टाळ्या आजपर्यंत माझ्या कानात आहेत, आणि त्यांचा आवाज चांगला नाही. पुढे एकेक खुर्ची रिकामी होत गेली, माझ्या शेजारची दुसऱ्या ओबोचीसुद्धा, तेव्हा दर वेळी मला वाटायचं, आता कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवणार. कुणी दाखवलं नाही. नवऱ्यालाही मी पत्ता लागू दिला नव्हता.

तर ती सकाळ.

दहाला दहा कमी असताना सगळे जागेवर होते. लाकडी जमीन, एकोणीस खुर्च्या, प्रत्येकापुढे कागदांचा स्टँड आणि स्टँडवर पेन्सिल, भिंतीवर चित्रपट दाखवायचा पडदा. समोरच्या मोठ्या काचेआड रेकॉर्डिस्ट, त्याला आम्ही कानसेन म्हणतो. त्याच्या शेजारी ढबू, रात्रभर न झोपल्यासारखी. आणि मागे सोफ्यावर दिग्दर्शक. मला वाटलं होतं, कुणी तोऱ्यातला माणूस असेल. तसा नव्हता. दमलेला, सभ्य, चष्मा सारखा पुसणारा माणूस होता. त्याने आत येऊन सगळ्यांना नमस्कार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मला डेमो फार आवडलाय. तो डोक्यातून जाईल असं काहीतरी ऐकवा." एवढं सरळ बोलणाऱ्या माणसावर चिडताही येत नाही.

मोठ्या बाई उठल्या. त्या आमच्या पहिल्या व्हायोलिन. पासष्ट वर्षांच्या, केस पांढरेशुभ्र, पाठ फुटपट्टीसारखी. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मी 'ए' दिला, सगळे जुळले. मग कागद उघडले.

"हे काय? मुंग्या लागल्यात का पानाला?" भोंगा म्हणाला.

खरंच तसं दिसत होतं. प्रत्येक ठोक्याच्या आधी एक चिमुकला सूर लटकावलेला आणि पुढच्या सुराला बांधलेला. म्हणजे ठोका पडायच्या किंचित आधीच वाजवायला सुरुवात करायची. सगळीकडे तसंच, आणि प्रत्येक वाद्याला वेगळ्या मापाचं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. पण आजकालचे संगीतकार काहीही लिहितात, आणि आमचं काम लिहिलेलं वाजवायचं. एका कानात हेडफोन, त्यात ठोका सांगणारी कंप्युटरची टिकटिक, आणि आम्ही अगदी अक्षरशः वाजवलं.

काय सांगू तुम्हाला! चहा ओतायच्या आधीच कप तोंडाला लावावा तसं झालं. व्हायोलिनं एवढी पुढे, चेलो तेवढे पुढे, हॉर्न आणखी कुठेतरी पुढे. माझी ओळ तर धापा टाकत चालली होती. पुन्हा वाजवलं, तेच. तिसऱ्यांदा आणखी वाईट, कारण आता सगळे घाबरून वाजवत होते. साडेदहा झाले, अकरा झाले. काचेआड दिग्दर्शकाने चष्मा काढला आणि तो पुसलासुद्धा नाही, नुसता हातात धरून बसला.

हेडफोनमध्ये ढबूचा आवाज आला, रडवेला. "जरा सैल वाजवता येईल का? म्हणजे... डेमोसारखं?"

"डेमोसारखंच लिहिलंय का हे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो. अगदी तसंच."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. "ढबे, तू सगळे सूर पुढे सरकवलेत! का?"

"सरकवावेच लागतात आत्या. कंप्युटरवर बोट ठेवलं की सूर लगेच लागत नाही, उगवायला वेळ घेतो. ओबोला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मी एकेक सूर मोजलाय. म्हणून तेवढा आधी ठेवायचा, की मग वेळेवर ऐकू येतो."

"ते कंप्युटरचं झालं. आमच्या कागदावर कशाला?"

"कारण ते आवाज काही कंप्युटरने बनवलेले नाहीत ना! खऱ्याच वादकाने वाजवलेत. खऱ्या माणसाचा सूर उशिरा लागतो. म्हणून मी तुमच्याही कागदावर तसंच ठेवलं. मला वाटलं, तुम्हाला सोपं जाईल."

बघा! पोरीने आयुष्यात समोर बसून वाद्यवृंद ऐकलेला नाही. जिवंत वादक म्हणजे काय, ते ती त्या तुकड्यांवरून शिकली. आणि केलं ते सगळं आमच्यावरच्या मायेपोटी केलं. तिच्यावर ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

"ओबो उशिरा लागत नाही," मी म्हणाले. "आम्ही ठोक्याच्या आधीच श्वास भरतो, पत्तीवर दाब धरतो, आणि ठोक्याला सूर हजर करतो. तेवढा अंदाज आमच्या अंगातच असतो. त्यावर तू आणखी पुढे ढकललंस, तर सगळंच आधी होणार. त्या तुकड्यांमधला वादक मुद्दाम हळू सुरू करत होता, तसं त्याला सांगितलं होतं म्हणून."

"पण मी मोजलंय आत्या! तुला कसं माहीत त्याला काय सांगितलं होतं ते?"

"हो, कसं माहीत?" मोठ्या बाईंनी मान वळवली.

अजूनही सुटता आलं असतं. ऐकीव आहे, कुणीतरी म्हणालं, असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेता आली असती. आणि ढबूने, आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या त्या पोरीने, ऐकीव गोष्टीवर कागद बदलले नसते. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तेवढ्यात काचेमागून दिग्दर्शकाचा आवाज आला. अगदी शांत, अगदी नम्र.

"मॅडम, राग मानू नका. पण तो मशीनमधला माणूस उशिरा वाजवूनही बरोबर वाटतो. आणि तुम्ही..."

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तो माणूस मीच आहे!" मी ओरडले.

माइक सगळे चालू होते. माझं वाक्य एकोणीस हेडफोनांमध्ये आणि काचेआडच्या मोठ्या स्पीकरांवर एकदमच गेलं.

"अकरा वर्षांपूर्वी, तीन दिवस, मी वाजवलंय ते," मी म्हणाले. आता थांबता येत नव्हतं. "ढबे, ती तुझी लाडकी टिक् माझ्या जुन्या कळेची आहे. तिथला माणूस मला सारखा सांगायचा, सूर एकदम लावू नका, हळूच उगवू द्या. म्हणून उशीर. तो ओबोचा उशीर नाही, माझा आहे. आणि बैठकीत मी भाषण केलं, ते हे सगळं करून आल्यावर केलं. आता बोला काय बोलायचं ते."

कानसेनने टिकटिक बंद केली. मी स्टँडवरच्या पेन्सिलीकडे बघत बसले. एकोणतीस वर्षांत मला त्या हॉलमध्ये कधी एवढं बारीक झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

मागून खाकरल्याचा आवाज आला. भोंगा.

"हॉर्न माझा आहे," तो म्हणाला.

"काय?"

"त्या कंप्युटरातला हॉर्न. मी पण गेलो होतो. चार दिवस. मला म्हणाले, धुक्यातून आल्यासारखं वाजवा."

"अरे मेल्या! आणि माझ्या भाषणाला बाकावर हात आपटत होतास?"

"मग काय करू? तू एवढं तावातावाने बोलत होतीस, मी घाबरलो!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग चेलोंच्या रांगेत कुजबुज झाली आणि त्यातल्या थोरल्या चेलोवाल्याने नुसता हात वर केला, शाळेत चूक कबूल करतात तसा. त्याच्या शेजारणीने त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि मग तिनेही निमूटपणे हात वर केला. काचेआड ढबू उभी राहिली होती. तिने दोन्ही हात गालांवर ठेवले होते. तीन वर्षं जी माणसं तिच्या खोलीत, तिच्या बोटांखाली वाजत होती, ती तिच्यासमोर खुर्च्यांवर बसली होती, आणि त्यांच्यातली एक तिची आत्या निघाली होती.

मोठ्या बाई मात्र हसल्या नव्हत्या.

"मलाही विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मी गेले नाही. आणि नंतर तुझं भाषण ऐकून मला वाटलं, बरं झालं नाही गेले ते. एक तरी माणूस आपल्यासारखा आहे."

याच्यापेक्षा त्यांनी एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं. "बाई, चुकले मी," मी म्हणाले. एवढंच बोलता आलं. डोळे भरून आले होते आणि ते लपवण्यात काही अर्थ नव्हता.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "त्याचं आपण नंतर बघू. साडेअकरा होतायत. पेन्सिली घ्या सगळ्यांनी. या मुंग्या खोडून टाका, सगळं सरळ ठोक्यावर. आणि त्या पोरीला बाहेर बोलवा. आम्हाला टिकटिक नको, माणूस हवा समोर."

ढबू बाहेर आली, पण दारापाशीच उभी राहिली. तिने कधी कुणापुढे हात हलवून वाजवून घेतलं नव्हतं. बाईंनी तिला मधे उभं केलं. "तू फक्त आमच्याबरोबर श्वास घे," त्या म्हणाल्या. "बाकीचं आम्ही बघतो." वीस मिनिटं हॉलमध्ये नुसता पेन्सिलींचा आवाज होता.

मी माझा कागद खोडत शेवटपर्यंत गेले आणि मला दुसरीच गोष्ट दिसली. माझी ती एकट्याची ओळ, जवळजवळ मिनिटभराची, तिच्यात कुठे फटच नव्हती.

"ढबे, मी श्वास कुठे घेऊ?"

ती गोंधळली. "मधे... लागतो?"

"कंप्युटरातल्या मला लागत नसेल. मला लागतो." ओबोची गंमत अशी की, त्यात दम कमी पडत नाही, उरतो. पत्तीतून हवा एवढीशी जाते की छातीत शिळी हवा तुंबून राहते. आधी ती टाकायची, मग नवी घ्यायची. त्याला वेळ हवा. आम्ही दोघींनी कागदावर डोकं घातलं आणि चित्रपटातली ती बाई शेवटच्या खोलीतून बाहेर पडते तिथे मी पेन्सिलीने एक स्वल्पविराम काढला. आमच्यात श्वासाची खूण तीच असते.

"इथे?" ढबू म्हणाली. "इथे ओळ तुटेल."

"तुटू दे," मी म्हणाले. मला दुसरा इलाज नव्हता.

बारा वाजून गेले होते. सगळ्यांनी वाद्यं उचलली. आणि मग मला आठवलं, तासभर वाद्यं नुसती पडून होती, सगळी उतरली असणार, पुन्हा जुळवायला हवीत. म्हणजे कुणीतरी सूर द्यायला हवा. मी मान वर केली नाही. पियानो आहे हॉलमध्ये, त्याच्यावर घेतील, असं मनात म्हणाले.

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"लवंगी," त्या म्हणाल्या, "ए दे."

मी पत्ती ओठांत धरली. ती वाळली होती, आणि माझे ओठ स्थिर नव्हते. 'ए' असा काही थरथरत निघाला की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला लाज वाटावी. कुणी वाजवायला सुरुवात केली नाही. सगळे वाट बघत राहिले.

"परत," बाई म्हणाल्या.

मी पत्ती ओली केली, डोळे पुसले, छातीतली सगळी शिळी हवा टाकली आणि परत लावला. या वेळी तो सरळ आला. बाईंनी त्यावर आपली तार मिळवली, मग मागची व्हायोलिनं आली, चेलो आले, सगळ्यात शेवटी भोंगा. माझा जीव भांड्यात पडला.

मग आम्ही वाजवलं. ढबूने हात वर केला आणि बाईंनी सांगितलं होतं तसा मोठ्ठा श्वास घेतला, तोंडाचा आ करून, आणि तिच्या श्वासाबरोबर मी सुरू केलं. समोरच्या पडद्यावर ती बाई खोल्यांमधून फिरत होती. शेवटच्या खोलीच्या दारात आली, तिथे माझा स्वल्पविराम होता. मी थांबले. हवा टाकली, हवा घेतली. हॉलमध्ये पूर्ण शांतता होती, आणि पडद्यावर त्या बाईने कडीवर हात ठेवला होता आणि तीही थांबली होती. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. मग मी उरलेली ओळ उचलली आणि माझ्याखाली चेलो आले, आणि मला वाटलं, अरे, किती दिवस झाले आपण असे एकत्र आलो त्याला. त्या तुकड्यांच्या खोलीत तीन दिवस माझ्याखाली कुणी आलं नव्हतं.

संपल्यावर ढबू हात खाली घ्यायलाच विसरली.

दिग्दर्शक काचेआडून बाहेर आला आणि थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "ते मधे तुम्ही थांबलात..."

"श्वास घेतला," मी म्हणाले. "काही हरकत?"

"नाही नाही. तो ठेवा." त्याने चष्मा पुसला. "मी ते दृश्य दोनशे वेळा तरी पाहिलंय. ती दारात थांबते हे मला आज कळलं." मग जरा संकोचून म्हणाला, "फक्त ती टिक्... ती आता येत नाही का?"

"दुरुस्त करून घेतली ती," मी म्हणाले. "वाटल्यास बूच काढून देते." तो हसला आणि राहू द्या म्हणाला.

आम्हाला तीन दिवस मिळाले. सगळं काही आमचं झालं नाही. पाठलागाचा एक तुकडा आहे, पत्र्यावर पत्रे आपटल्यासारखा, तो कंप्युटरचाच राहिला. आणि मला सांगायला आवडत नाही, पण तो कंप्युटरवरच चांगला होता. हॉलच्या मालकाने भिंती घालायचं तूर्त पुढे ढकललं. आणि मोठ्या बाईंचं 'नंतर बघू' त्याच दुपारी आलं, बाहेर चहाच्या यंत्रापाशी. दहा मिनिटं त्यांनी माझी बिनपाण्याने केली. मी एक शब्द उलटून बोलले नाही, यावर नवरा अजूनही विश्वास ठेवत नाही. शेवटी त्यांनी दोन कप चहा घेतला आणि एक माझ्या हातात दिला.

ढबू त्या दिवशी माझ्याबरोबर घरी आली. पायातले बूट काढून ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली. मग म्हणाली, "आत्या, मी कंप्युटरातून तुला काढून टाकू का?"

"कशाला?" मी म्हणाले. "घरी लिहिताना लागेल की कुणीतरी. फक्त लिहिताना लक्षात ठेव, की कंप्युटरातली ती बाई एकटी बसली होती आणि तिला कुणी श्वासासाठी थांबायला सांगितलं नव्हतं."

पुढच्या आठवड्यात पहिल्या दिवशी हॉलमध्ये गेले, तर स्टँडवर नवे कागद तयार होते. मुंगी एक नाही, सगळं सरळ ठोक्यावर. आणि माझ्या ओळीवर ढबूने स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, स्वल्पविराम काढले होते. एक, दोन, पाच... पहिल्याच पानावर चौदा!

"ढबे!" मी काचेकडे बघून ओरडले. "मला काय दमा झालाय का गं?"

सगळा हॉल हसला. मी पेन्सिल घेतली आणि त्यातले नऊ खोडले. पाच ठेवले. तेवढ्यात मोठ्या बाई उठल्या, माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, आणि मी ए दिला.